मालकांचे भांडण आणि कुळाला नोटीस

आपल्या जिल्ह्यात जमिनीचा वाद म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. हा मुलुख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जहागिरी, इनामे, देवस्थानच्या जमिनी यांचे दाट जाळे येथे पसरलेले होते. पुढे १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आला, मग इनामे रद्द करणारा कायदा आला, आणि त्यांतून निघालेल्या दाव्यांची बासने कित्येक घरांच्या माळ्यांवर अजून सापडतील. या दाव्यांत एक प्रसंग ठरलेला असे. मालकीबद्दल दोन वारसांत तंटा लागावयाचा आणि जमीन कसणाऱ्या कुळाच्या हाती नोटीस पडावयाची : ‘जमीन आमची आहे, यापुढे खंड आमच्याकडे भरावा, न भरल्यास दावा लावू.’ कुळाने कोणाचे काही बुडविलेले नसे. ज्याने जमीन दिली त्याला तो खंड देत आला होता. पण नोटीस आली की त्याची झोप उडे. खरा मालक कोण हे त्याला ठरविता येत नसे, आणि ठरेपर्यंत थांबण्याचे धैर्यही त्याच्यापाशी नसे.

आजचा आपला विषय वरून पाहता या शेतीवाडीपासून फार दूरचा आहे. वेबसाइटसाठी जागा भाड्याने घेणारा ग्राहक, त्या जागेवर चालणाऱ्या मुक्त संगणकप्रणाली, आणि त्या प्रणालींच्या लायसन्सवरून मोठ्या कंपन्यांत होणारे वाद, असा हा विषय आहे. परंतु आम्हांला असे वाटते की, कुळाची ती स्थिती ज्याने पाहिली किंवा ऐकली आहे त्याला या विषयातील मर्म शहरी माणसापेक्षा लवकर कळेल.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. वेबसाइट म्हणजे काही फायली आणि माहितीचा एक साठा. तो रात्रंदिवस चालू असलेल्या आणि इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ठेवावा लागतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात, आणि त्याच्यावरची जागा वर्षाच्या बोलीने भाड्याने देण्याच्या धंद्याला होस्टिंग म्हणतात. समजा, तुळजापूरच्या एका लॉजवाल्याने यात्रेकरूंना खोल्या घरबसल्या राखून ठेवता याव्यात म्हणून वेबसाइट केली. किंवा भूमच्या एका खवा-व्यापाऱ्याने आपले भाव पुण्या-मुंबईच्या हलवायांना दिसावेत म्हणून केली. साइट करून देणारा तरुण सोलापूरचा वा लातूरचा. जागा देणारी कंपनी आणखी कुठली. आणि प्रत्यक्ष सर्व्हर नव्या मुंबईत आहे की सिंगापुरात, हे लॉजवाल्याला ठाऊकही नसते. तो वर्षाला ठराविक रक्कम भरतो आणि आपल्या कामाला लागतो.

या भाड्याच्या गाळ्यात आत काय असते? बहुधा सर्वांत खाली लिनक्स ही मूळ प्रणाली असते. तिच्यावर पाने पाठविणारा अपाची किंवा एनजिनएक्स हा प्रोग्राम, माहितीच्या साठ्यासाठी मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी, आणि सर्वांत वर पुष्कळदा वर्डप्रेस. जगातील दर पाच वेबसाइटींपैकी दोनांच्या आसपास आज वर्डप्रेसवर चालतात. ही सारी मंडळी ओपन सोर्स, म्हणजे मुक्त. त्यांची मूळ लिखावट कोणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. आपल्याकडे मुक्त म्हणजे फुकट असे समजण्याची चाल पडली आहे, ती बरोबर नाही. फुकट वस्तू देणाऱ्याची मर्जी फिरली की बंद होते. मुक्त वस्तूच्या मागे एक लेखी परवाना असतो आणि तो देणाऱ्यालाही बांधून ठेवतो.

या परवान्यांत जीपीएल हा प्रमुख. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनी १९८९ मध्ये तो प्रथम काढला. १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली आणि १९९२ मध्ये ते या परवान्याखाली आणले. जीपीएलमधील दोन-तीन कलमे ग्राहकाने माहीत करून घेण्यासारखी आहेत. एक असे की, प्रोग्राम नुसता चालविण्यावर कसलेही बंधन नाही. दुसरे अधिक मोलाचे आहे. मधल्या एखाद्याने परवान्याचा भंग केला, तर त्याचा हक्क जातो. पण त्याच्याकडून ज्यांना प्रत मिळाली त्यांचा हक्क, ते स्वतः नियम पाळतात तोवर, शाबूत राहतो. कुळाने जमीन पोटकुळाला दिली आणि कूळ बेदखल झाले तरी पोटकूळ राहील, असे आपल्या कोणत्याही कूळ कायद्यात सहसा सापडणार नाही. येथे ते स्पष्ट लिहून ठेवले आहे. तिसरे कलम मात्र उलट्या बाजूचे आहे : या मालाची कसलीही हमी नाही. बिघडला, थांबला, नुकसान झाले, तर लिहिणाऱ्यांना जबाबदार धरता येणार नाही. म्हणून लॉजवाल्याची तक्रार चालेल ती फक्त ज्याला त्याने भाडे दिले त्याच्याविरुद्ध. वर्डप्रेस लिहिणाऱ्यांविरुद्ध नव्हे.

आता खुद्द नोटिशीकडे वळू. अमेरिकेतील युटा राज्यात एससीओ ग्रुप नावाची एक कंपनी होती. युनिक्स या जुन्या प्रणालीचे हक्क आपल्याकडे आले आहेत, असे तिचे म्हणणे. ६ मार्च २००३ रोजी तिने आयबीएम या बलाढ्य कंपनीवर दावा लावला, तो असा की, आयबीएमने आमच्या युनिक्समधील माल लिनक्समध्ये घातला. मागणी होती १०० कोटी डॉलरची. पुढे ती वाढत गेली. दोन कंपन्यांचा वाद कोर्टात गेला, यात वावगे काहीच नव्हते. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात एससीओने जगातील सुमारे १५०० मोठ्या कंपन्यांना पत्रे पाठविली आणि लिनक्स वापरल्याबद्दल तुम्हीही जबाबदार ठरू शकता, असे त्यांना कळविले. ऑगस्टमध्ये तिने दर जाहीर केला : सर्व्हरमधील एका प्रोसेसरमागे ६९९ डॉलर, आणि उशीर केल्यास दुप्पट. म्हणजे मालकीचा निकाल लागण्यापूर्वीच कुळांकडून खंड वसूल करण्याचा हा प्रकार होता.

बरे, चोरीला गेलेला माल कोणता, हे तरी दाखवावे! ते उघडपणे दाखविण्यास कंपनी तयार नव्हती; गुप्ततेच्या करारावर सही करा, मग दाखवू, असे ती म्हणे. त्या ऑगस्टमध्ये लास व्हेगास येथील सभेत तिने नमुना म्हणून काही ओळी पडद्यावर दाखविल्या. जाणकारांनी त्या थोड्याच दिवसांत ओळखल्या; आधीच खुल्या झालेल्या जुन्या संहितेतल्या त्या ओळी निघाल्या. आणखी एक गोष्ट अशी की, ही कंपनी स्वतःच २००३ च्या मे महिन्यापर्यंत लिनक्स त्याच जीपीएल परवान्याखाली लोकांना देत होती. खंड मागणाऱ्यानेच पूर्वी ‘कसा, वापरा, दुसऱ्याला द्या’ असे लिहून दिले होते.

तरीही पैसे देणारे निघाले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा म्हणजे टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील ईव्ही-वन सर्व्हर्स. ही होस्टिंग कंपनी होती. सुमारे वीस हजार सर्व्हर तिच्याकडे होते आणि त्यांतील बरेच लिनक्सवर चालत. १ मार्च २००४ रोजी तिने एससीओकडून लायसन्स घेतल्याचे जाहीर झाले. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट मार्श यांनी कारण दिले ते असे की, आमच्या ग्राहकांच्या डोक्यावर ही टांगती तलवार नको. त्याच आठवड्यात एससीओने ऑटोझोन या मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या एका लिनक्सवापऱ्या कंपनीवर दावाही लावला. तेव्हा भीती अगदीच काल्पनिक होती असे म्हणता येत नाही.

पण ज्यांच्यासाठी हे केले ते ग्राहकच खवळले. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक साधे : सिद्ध न झालेल्या मागणीपुढे तुम्ही मान तुकविलीत, आता त्याच पैशावर ते आणखी दहाजणांना नोटिशी देतील. दुसरे कायद्याचे. जीपीएलमध्ये असे एक कलम आहे की, कोर्टाच्या आदेशामुळे किंवा दुसऱ्या कराराने तुमच्यावर असे बंधन आले की तुम्हाला प्रोग्राम या परवान्याच्या अटींवर पुढे देता येत नाही, तर तो मुळीच देता येणार नाही. मग लिनक्सला वेगळा खंड लागतो हे मान्य करणाऱ्या कंपनीचा लिनक्सवरचा हक्क कितपत टिकतो? काही ग्राहकांनी बिऱ्हाड हलविले. महिना होतो न होतो तोच मार्श यांनी, हा व्यवहार पुन्हा करणार नाही, असे जाहीरपणे सांगितले. आम्हांला त्यांचा राग येत नाही. भाडेकरूंच्या वतीने घरमालकाने भीतीपोटी केलेला तो व्यवहार होता, आणि अशा वेळी वकिलाची फी वाचविण्यापेक्षा नोटीस मिटवून टाकावी असे कोणालाही वाटते. चूक एवढीच झाली की, कोणाची मालकी हे ठरण्याआधी त्यांनी पावती फाडली.

ती मालकी पुढे कशी ठरली हेही पाहण्यासारखे आहे. १० ऑगस्ट २००७ रोजी युटाच्या फेडरल कोर्टाने निर्णय दिला की, युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे आलेलेच नाहीत. ते नॉव्हेल या कंपनीपाशीच राहिले. पुढच्याच महिन्यात एससीओने दिवाळखोरीचा अर्ज केला. अपिलात प्रकरण परत फिरले, पण ३० मार्च २०१० रोजी ज्यूरीनेही नॉव्हेलच्याच बाजूने कौल दिला. म्हणजे ज्या सातबाऱ्याच्या जोरावर पंधराशेजणांना पत्रे गेली त्यावर पत्र लिहिणाऱ्याचे नावच नव्हते. आयबीएमवरचा मूळ दावा रेंगाळत २०२१ पर्यंत गेला आणि एससीओच्या दिवाळखोरी-विश्वस्ताला १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटला. आणि ईव्ही-वनचे काय झाले? ती २००६ मध्ये दि प्लॅनेट या कंपनीत मिसळली, दि प्लॅनेट २०१० मध्ये सॉफ्टलेअरमध्ये गेली, आणि सॉफ्टलेअर २०१३ मध्ये विकत घेतली ती आयबीएमने. घाबरून खंड भरणारे कूळ शेवटी प्रतिवादीच्याच वाड्यात राहावयास गेले!

या प्रकरणात लिनक्स वापरणाऱ्या सामान्य ग्राहकाची एकही वेबसाइट कोर्टाच्या हुकुमाने बंद पडली नाही. परवाना टिकला. यावरून कोणी म्हणेल की, मग चिंता कसली? येथेच आम्हांला आमचा मुख्य मुद्दा मांडावयाचा आहे. मुक्त परवाना ग्राहकाच्या पायांखालची जमीन राखतो, आणि चांगली राखतो. परंतु वेबसाइट चालण्यासाठी जमिनीशिवाय आणखी तीन गोष्टी लागतात : त्या जमिनीकडे जाणारी वाट, तिच्यावरची पाटी, आणि गाळा देणाऱ्याशी झालेला करार. या तिन्ही गोष्टी परवान्यात येत नाहीत. गेल्या काही वर्षांत ग्राहकांना जो त्रास झाला तो बहुतेक या तीन बाजूंनीच झाला आहे.

करारापासून आरंभ करू, कारण तेथे सांगण्यासारखे थोडे आहे. सेंटओएस नावाची लिनक्सची एक आवृत्ती होस्टिंगच्या धंद्यात घरोघर असे. रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सचीच ती मुक्त प्रत होती. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की, सेंटओएसची आठवी आवृत्ती, जी २०२९ पर्यंत सांभाळली जाईल असे लोक धरून चालले होते, ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. परवाना मुक्त असल्यामुळे २०२१ मध्येच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स अशा दोन नव्या प्रती उभ्या राहिल्या. बंद प्रणाली असती तर हे घडले नसते. पण प्रत उभी राहणे वेगळे आणि हजारो सर्व्हर तिच्यावर हलविणे वेगळे. हलविण्याचा खर्च आणि मधला खोळंबा कोणी सोसावयाचा, हे ग्राहक आणि होस्टिंगवाला यांच्या करारावर ठरते, आणि त्या करारात बहुधा ग्राहकाच्या बाजूने काहीच लिहिलेले नसते. तशीच गोष्ट सीपॅनेलची. सर्व्हरचा कारभार पाहण्याचा तो एक विकतचा प्रोग्राम. खालचे लिनक्स मुक्त, पण त्याच्या दारावरचे कुलूप विकतचे. २०१९ च्या जूनमध्ये त्या कंपनीने सर्व्हरमागे दर घेण्याऐवजी खात्यामागे दर घेण्याचे ठरविले. एका सर्व्हरवर शेकडो छोटी खाती ठेवणाऱ्या लहान होस्टिंगवाल्यांचे कंबरडे यात मोडावयाचेच, आणि वाढ अखेर ग्राहकाच्या बिलात उतरावयाचीच.

वाट आणि पाटी यांचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे, कारण ते वर्डप्रेसच्याच घरात झाले. वर्डप्रेसचा जन्म २००३ चा. बी-टू नावाचा एक मुक्त प्रोग्राम त्याच्या कर्त्याने वाऱ्यावर सोडला होता. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तो उचलून पुढे चालविला. परवाना जीपीएल असल्याने त्यांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. पुढे मुलेनवेग यांनी ऑटोमॅटिक ही कंपनी काढली. ‘वर्डप्रेस’ हे नाव, म्हणजे ट्रेडमार्क, वर्डप्रेस फाउंडेशनकडे आहे आणि त्याचा व्यापारी वापर करण्याचा हक्क ऑटोमॅटिककडे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पेढ्याची कृती गावाला सांगितली म्हणून आपल्या दुकानाची पाटी लावण्याचा हक्क कोणी गावाला देत नाही. जीपीएल कृती देतो, पाटी देत नाही. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, त्याने एकाही शेताची हद्द हलली नाही. पण पाट्या, शिक्के, छापील कागद सगळ्यांना बदलावे लागले. नावाला स्वतःचा खर्च असतो.

टेक्सासमधील ऑस्टिन येथे डब्ल्यूपी इंजिन नावाची होस्टिंग कंपनी आहे. केवळ वर्डप्रेसच्या साइटी ठेवणे हा तिचा धंदा. २०२४ च्या सप्टेंबरात मुलेनवेग यांनी तिच्यावर जाहीर टीका सुरू केली. ही कंपनी वर्डप्रेसवर भरपूर कमाई करते आणि परत काही देत नाही, शिवाय आमच्या नावाचा फायदा उठविते, असे त्यांचे म्हणणे. ऑटोमॅटिकने उत्पन्नाच्या ८ टक्के रक्कम, किंवा तेवढ्या किमतीचे मनुष्यबळ वर्डप्रेसच्या कामाला, असे मागितले. इथपर्यंत तंटा दोन सावकारांचा. मुलेनवेग यांच्या तक्रारीत अगदीच तथ्य नव्हते असेही आम्हांला वाटत नाही. सार्वजनिक विहिरीचे पाणी पंप लावून उपसावयाचे आणि गाळ काढण्याच्या वेळी गैरहजर राहावयाचे, हा प्रकार मुक्त प्रणालींच्या जगात फार आहे.

पण २५ सप्टेंबरला वाट अडविली गेली. वर्डप्रेसवर चालणारी प्रत्येक साइट सुधारणा आणि प्लगिन आणण्यासाठी वर्डप्रेस-डॉट-ऑर्ग या एका भांडाराकडे जाते. त्या भांडाराचे दार डब्ल्यूपी इंजिनच्या सर्व्हरांना बंद करण्यात आले. ग्राहकाची साइट चालू होती, परवाना शाबूत होता, प्रोग्रामची प्रत त्याच्याकडेच होती. पण नेहमीच्या वाटेने नवे प्लगिन घेता येईना की जुन्यातले भोक बुजविता येईना. दोन दिवसांनी दार उघडले, १ ऑक्टोबरला पुन्हा लागले. त्या वर्षी घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. डब्ल्यूपी इंजिन ही महागातली कंपनी आहे. तिचा ग्राहक आपल्या जिल्ह्यात असण्याचा संभव कमी. परंतु तुळजापूरचा आपला लॉजवाला कल्पनेने तिथे नेऊन पाहावा. नवरात्राच्या तोंडावर खोल्या राखण्याच्या प्लगिनमध्ये दोष निघाला, त्याची दुरुस्ती भांडारात येऊन पडली आहे, आणि ती आणावयाची वाट सॅन फ्रान्सिस्को आणि ऑस्टिन यांच्या भांडणात बंद! लॉजवाल्याचा या भांडणात दोष कोणता? एवढाच की त्याने गाळा त्या चाळीत घेतला.

२ ऑक्टोबरला डब्ल्यूपी इंजिनने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. १२ ऑक्टोबरला आणखी एक घटना घडली, आणि तिने त्या चाळीबाहेरच्या लोकांनाही हात लावला. डब्ल्यूपी इंजिनच्या मालकीचे एसीएफ नावाचे प्लगिन वीस लाखांहून अधिक साइटींवर होते. भांडारातील त्याची जागा वर्डप्रेस-डॉट-ऑर्गने ताब्यात घेतली आणि तेथे निराळ्या नावाने त्याची आपली आवृत्ती ठेवली. ज्यांच्या साइटी आपोआप सुधारणा घेत होत्या त्यांच्या दुकानातला माल रातोरात बदलला. कोणी विचारले नाही, कोणी सही घेतली नाही. परवान्याने याला मनाई नव्हती. कोणीही कोणाच्या मुक्त प्रोग्रामची आपली आवृत्ती काढू शकतो. मनाई नव्हती म्हणून ते योग्य होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

१० डिसेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती अरासेली मार्टिनेझ-ओल्गिन यांनी तात्पुरता मनाई-हुकूम दिला : भांडाराचे दार पूर्ववत उघडावे आणि प्लगिनची जागा परत करावी. मूळ दावा त्यानंतरही चालू राहिला. आपल्याकडे बांधावरची वाट अडविली म्हणजे माणूस १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे जातो. तहसीलदार मालकीच्या खोलात शिरत नाही. वाट आधी मोकळी करा, हक्काचे भांडण दिवाणी कोर्टात भांडा, असे सांगतो. कॅलिफोर्नियातील कोर्टाने केले ते त्याच जातीचे. फरक एवढाच की वाट मोकळी होईपर्यंत अडीच महिने गेले, आणि ऐन हंगामात अडीच महिने म्हणजे काय हे तुळजापूरकरांना सांगावयास नको.

आता आपल्या देशाच्या कायद्याबद्दल. उद्या कोणी एससीओसारखी नोटीस धाराशिवच्या एखाद्या ग्राहकाला पाठविली तर तो अगदी निराधार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या प्रोग्रामला साहित्यकृतीसारखे संरक्षण आहे. त्याच कायद्याचे ६० वे कलम नोटीस घेणाऱ्याच्या कामाचे आहे. कोणी कॉपीराइटच्या नावाने निराधार धमकी दिली, तर ज्याला धमकी मिळाली त्यानेच कोर्टात जाऊन, हा भंग नाही असे ठरवून घ्यावे, धमक्या थांबवून घ्याव्यात आणि झालेले नुकसान मागावे, अशी सोय त्यात आहे. धमकी देणाऱ्याने स्वतः वेळेवर दावा लावून तो चालविला तर मात्र हे कलम लागू पडत नाही. त्याचे खरे काम ‘दावा लावू’ एवढेच म्हणत राहणाऱ्याला गप्प करणे हे आहे. उलट ६३-ब हे कलमही आहे. चोरीची प्रत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड त्यात सांगितला आहे. येथे ‘जाणून’ हा शब्द कळीचा आहे. म्हणून नोटीस आल्यावर ती टोपलीत टाकू नये आणि घाबरून पैसेही भरू नयेत. कोणत्या ओळी, कोणता प्रोग्राम, कोणता हक्क, हे लेखी विचारावे. जो हक्कदार असेल त्याला हे सांगण्यात अडचण पडत नाही.

या संदर्भात एक वाईट चालही सांगून टाकतो. साइट करून देणारे काहीजण विकतची प्लगिने आणि थीम यांच्या कुलूप तोडलेल्या प्रती वापरतात. त्यांना बाजारात ‘नल्ड’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ माल मुळात जीपीएलखालीच असल्यामुळे प्रत करणे हा प्रत्येक वेळी गुन्हा ठरेल असे नाही. परंतु त्या प्रतीला अधिकृत वाट कधीच नसते. सुधारणा येत नाहीत, आणि कुलूप तोडणाऱ्याने आत काय ठेवून दिले आहे हे कोणी पाहिलेले नसते. दोन-तीन हजार रुपये वाचतात. साइट पुढे परक्याच्या जाहिराती दाखवू लागते.

ग्राहक न्यायालयाचा मार्गही आहे, पण त्याला कुंपण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनी बंगळूरची असली तरी धाराशिवला दाद मागता येते. मात्र व्यापारासाठी घेतलेल्या सेवेचा ग्राहक हा त्या कायद्याचा ग्राहक नव्हे. स्वयंरोजगाराने स्वतःची उपजीविका चालविण्यासाठी सेवा घेतली असेल तर तो त्यात बसतो. एकट्याच्या हातावर दुकान चालविणारा खवा-व्यापारी बसू शकेल. तीस खोल्यांच्या लॉजवाल्याला आधी हाच वाद घालावा लागेल.

तेव्हा गाळा घेतानाच काही गोष्टी पाहून ठेवलेल्या बऱ्या. साइटचे नाव, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदलेले असावे. साइट करून देणाऱ्याच्या नावावर नव्हे. आमच्या माहितीतील बहुतेक भांडणे कॅलिफोर्नियापर्यंत जात नाहीत, ती येथेच अडतात. डोमेन आपल्या ताब्यात असेल तर चाळ बदलता येते, पाटी तीच राहते. शक्य तर डोमेन एकाकडे आणि होस्टिंग दुसऱ्याकडे ठेवावे. खाली कोणती प्रणाली आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे विचारावे. सेंटओएसची सातवी आवृत्ती ३० जून २०२४ ला संपली, पण त्यानंतर ती चालविणारे सर्व्हर लगेच नाहीसे झाले नाहीत. मुदत संपल्यावर हलविण्याचा खर्च कोणाचा, हे बिल भरण्यापूर्वी कागदावर घ्यावे.

आणि साइटची पूर्ण प्रत दर महिन्याला काढून आपल्या घरी ठेवावी. फायली आणि माहितीचा साठा असे तिचे दोन्ही भाग घ्यावेत. नुसत्या फायली घेऊन भागत नाही, कारण खोल्यांच्या नोंदी आणि ग्राहकांची नावे साठ्यात असतात. होस्टिंगवाला ‘आम्ही प्रत ठेवतो’ म्हणतो ती त्याच चाळीत असते. जीपीएलने दिलेला हक्क प्रत्यक्षात वापरावयाचा तो या प्रतीच्या जोरावरच. ती हाती असेल तर दुसऱ्या कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर तीच साइट उभी करता येते. वर्षातून एकदा, हंगाम नसताना, साइट करून देणाऱ्याला बोलावून ती प्रत दुसऱ्या सर्व्हरवर खरोखर उभी राहते का ते करून पाहण्यास सांगावे. चैत्री पौर्णिमेची गर्दी ओसरल्यावर आणि नवरात्राच्या आधी तुळजापुरात त्याला वेळ मिळण्यासारखा आहे. अर्ध्या दिवसाचे ते काम आहे. पहिल्या खेपेला प्रत बहुधा उभी राहत नाही. काहीतरी घ्यावयाचे राहिलेले असते, आणि ते काय हे त्याच दिवशी कळते.